मोटरची बॅटरी चार्ज होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे सात तपास करा



१६ जून ते १५ ऑगस्ट हा आपल्या मध्य प्रदेशातला बंद हंगाम संपला की पहिल्याच आठवड्यात संस्थेकडे एकच तक्रार येते. "सेल्फ मारला की नुसतं टक-टक होते." "दिवा लावला की पिवळा पडते." "मागच्याच वर्षी बॅटरी घेतली, आता ही पण बसली." मग पोळ्याच्या खर्चाचे पैसे मोडून नवी बॅटरी येते, आणि महिनाभरात तीही बसते. कारण दोष बॅटरीत नव्हताच. तो कुठल्या तरी नटात, फ्यूजमध्ये, नाही तर आपल्या वापराच्या हिशोबात होता.

म्हणून आजचा धडा आउटबोर्ड मोटरच्या चार्जिंगवर. आपल्या सावरगाव-पांढुर्ण्याच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीत किंवा गावच्या तलावात मोटर लागत नाही, तिथे डोंगा आणि वल्हं पुरते, हे आम्हालाही माहीत आहे. पण माचागोरा, तवा, बरगी, इंदिरा सागर अशा मोठ्या पाण्यावर ज्यांचं काम चालते, ज्यांचे सोयरे तिकडे नाव चालवतात, आणि कोकणातले जे बांधव हे पान वाचतात, त्या सगळ्यांसाठी हा विषय रोजचा आहे. मोठ्या जलाशयात बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, दुपारनंतर वारा सुटतो. अंधारात दिवा आणि मोबाईल दोन्ही बंद पडले तर घरी बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. बॅटरी ही पैशाची गोष्ट आहेच, पण त्याच्या आधी ती सुखरूप घरी येण्याची गोष्ट आहे.

घरातल्या ताईंनीही हा धडा वाचावा. आकडे वहीत लिहून ठेवायचं काम बहुतेक घरांत त्याच करतात, आणि खाली जे तपास दिले आहेत त्यात अर्धं काम वहीचंच आहे.

आधी समजून घ्या: वीज येते कुठून?

आपल्याकडे संत्र्याच्या बगीच्यात विहिरीवरून टाक्यात पाणी कसं येते ते आठवा. पंप पाणी उचलतो, फूट व्हॉल्व्ह ते मागे परतू देत नाही, पाईप ते टाक्यापर्यंत नेतो, आणि टाकं ते साठवून ठेवते. मोटरचं चार्जिंग असंच आहे.

१. मोटरच्या डोक्यावर जे जड चाक फिरते, म्हणजे फ्लायव्हील, त्याच्या आत चुंबकं असतात. चाकाखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल बसवलेली असते. चुंबक फिरलं की कॉइलमध्ये वीज तयार होते. हा झाला पंप.

२. ही वीज एसी असते, म्हणजे पुढे-मागे धावणारी. बॅटरीला एकाच दिशेची, म्हणजे डीसी वीज लागते. ते काम रेक्टिफायर करतो. हा आपला फूट व्हॉल्व्ह. बऱ्याच मोटरींत त्याच डबीत रेग्युलेटरही असतो. टाकं भरलं की पाणी उतू जाऊ नये, हे तो पाहतो.

३. तिथून वायर आणि फ्यूज. हा पाईप.

४. शेवटी बॅटरी. हे टाकं.

मोठ्या हॉर्सपॉवरच्या काही मोटरींत पट्ट्यावर चालणारा अल्टरनेटर असतो, गाडीसारखा. पण लहान नावेवरच्या बहुतेक मोटरींत वर सांगितलेलीच रचना असते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लहान मोटरची कॉइल फार वीज देत नाही. साधारण ६ ते १२ अँपियर, आणि तेही मोटर जोरात फिरत असताना. हळू रेसवर जाळं टाकत चाललात तर त्याच्या निम्मीही मिळत नाही. कित्येक लहान मोटरींत तर चार्जिंगची कॉइल कंपनीकडून बसवलेलीच नसते, ती वेगळी घ्यावी लागते. जुनी मोटर घेतली असेल तर आधी हेच पाहून घ्या. पंपच नसेल तर टाकं कशाने भरणार?

दुसरी गोष्ट. दोरी ओढून चालू होणाऱ्या बहुतेक लहान मोटरींत ठिणगीसाठी वेगळी कॉइल असते. बॅटरी मेली तरी अशी मोटर दोरीने चालू होते. म्हणून "मोटर तर चालू आहे, मग चार्जिंग ठीकच असेल" असं समजू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कामाला हात लावण्याआधी

- बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो एका ठिणगीने पेट घेतो. जवळ विडी-काडी नको, पेट्रोलची टाकी दूर ठेवा, झाकणाखाली हवा खेळती ठेवा.
- बॅटरीच्या पाण्यात आम्ल असते. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा.
- हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलला एकदम लागला तर तो लाल होईपर्यंत तापतो.
- मोटर जमिनीवर कोरडी चालवू नका. पाणी ओढणारा रबरी पंखा काही क्षणांत जळतो. पाण्यात, नाही तर पंखा काढून भरलेल्या ड्रममध्ये चालवा.
- ठिणगीच्या कॉइलच्या वायरांत शेकडो व्होल्ट असतात. मोटर चालू असताना त्यांना हात लावू नका. ओळख पटत नसेल तर ते काम मिस्त्रीवर सोडा.
- बॅटरी सोडताना आधी काळी वायर म्हणजे मायनस काढा, जोडताना ती शेवटी लावा.

सामान फार लागत नाही: साधा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा आणि त्याच्या आसपासचे पाने, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, व्हॅसलिन आणि एक वही. बॅटरीचं झाकण उघडणारं असेल तर हायड्रोमीटरही.

तपास पहिला: हिशोब

मीटर काढण्याआधी पेन काढा. आम्ही एक नमुना मांडतो, तुम्ही त्यात आपले आकडे टाका.

रात्रीचा खर्च:
- १० वॅटचा दिवा, ६ तास: ६० वॅट-तास. १२ ने भागलं तर ५ अँपियर-तास.
- दोन मोबाईलची चार्जिंग: साधारण ३ अँपियर-तास.
- फिश फायंडर, अर्धा अँपियर, २ तास: १ अँपियर-तास.
- सेल्फ दहा वेळा, दर वेळी तीन सेकंद: पाऊण अँपियर-तासाच्या आत. सेल्फ क्षणात खूप ओढतो, पण थोडाच वेळ.

एकूण जवळजवळ १० अँपियर-तास.

आता जमा. मोटर जाऊन-येऊन दीड तास चालली, सरासरी ४ अँपियर मिळाले, तर ६ अँपियर-तास. बॅटरीत जेवढं टाकाल तेवढं सगळं परत मिळत नाही, सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो. हाती राहिले जेमतेम ५.

म्हणजे रोज ५ अँपियर-तासाची तूट. ३५ अँपियर-तासाची बॅटरी चौथ्या दिवशी निम्म्याखाली जाते. इथे मोटर ठणठणीत, कॉइल ठणठणीत, बॅटरीही चांगली. फक्त खर्च जमेपेक्षा जास्त. अशा घरात कितीही नव्या बॅटऱ्या आणा, दिवाळं निघणारच.

उपाय स्वस्त आहेत. दिवा ५ वॅटचा एलईडी करा, अडीच वाचले. मोबाईल घरून भरून न्या किंवा पॉवर बँक ठेवा, तीन वाचले. तूट तिथेच मिटली. नाही तर २० वॅटची सोलर पाटी कंट्रोलरसहित बसवा. चांगल्या उन्हात ती दिवसाला ५-६ अँपियर-तास देते. पावसाळी ढगात कमी देते, हेही धरून चाला.

मोठी बॅटरी घेतली की प्रश्न सुटतो, असं बरेच जण समजतात. १०० अँपियर-तासाची ट्रकची बॅटरी निम्मी रिकामी झाली, तर ती भरायला ५० आणि वर वाया जाणारे धरून ६० अँपियर-तास लागतात. ५ अँपियरच्या हिशोबाने मोटर १२ तास चालवावी लागेल. एवढं पेट्रोल कोण जाळणार? टाकं मोठं केलं म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही.

तपास दुसरा: डोळे आणि हात

निम्म्याहून जास्त दोष इथेच सापडतात. पैसा लागत नाही.

- दोन्ही टर्मिनल हाताने हलवून पाहा. जरा जरी हललं तर लूज आहे. पंखाचे नट हाताने फिरवतात, ते नावेच्या हादऱ्याने ढिले होतात. त्याजागी पान्याने आवळायचा नट आणि स्प्रिंग वॉशर लावा.
- पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग ब्रशने चकचकीत करा, आवळा, आणि नंतर वरून व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन आधी लावू नका.
- फ्यूज काढून उजेडात पाहा. मीटरनेही तपासा, कारण कधी तार दिसायला साबूत असते आणि पायाशी तुटलेली असते. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपियरचा लावा. चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा लावला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते.
- मोटरच्या बॉडीवर आलेली काळी अर्थ वायर पाहा. तिच्या बोल्टखाली गंज किंवा रंग असेल तर पॉलिश पेपरने साफ करा.
- वायर बोटांनी चाचपत जा. एखाद्या जागी मऊ, फुगीर किंवा कडक लागली तर आत तांबं काळं-हिरवं पडलं असणार. समुद्रावर खाऱ्या पाण्याने हे फार लवकर होते. गोड्या पाण्यावर उशिरा होते, पण होते.
- बॅटरीत पाणी प्लेटांच्या वर आहे का? कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचं, विहिरीचं पाणी नको. वरून आम्ल तर मुळीच टाकू नका.

तपास तिसरा: निवांत बॅटरीचा आकडा

मोटर बंद, सगळे दिवे बंद, बॅटरी रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा.

- १२.६ किंवा जास्त: भरलेली
- १२.४: साधारण पाऊण
- १२.२: निम्मी
- १२.० : पाव
- ११.८ किंवा कमी: रिकामी

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा पाहा. भरलेली बॅटरी सेल्फच्या ओढीखाली ९.६ च्या खाली जाऊ नये. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७-८ वर कोसळली तर ती वरून भरलेली, आतून पोकळ आहे.

हायड्रोमीटर असेल तर सहाही खाने मोजा. भरलेल्या बॅटरीत १.२५० ते १.२८० च्या दरम्यान येते. पाच खाने सारखे आणि एक ०.०५० पेक्षा जास्त खाली असेल तर तो खाना गेला. इथे मात्र नवी बॅटरी हाच उपाय.

बॅटरी अर्धी-पाव असेल तर पुढच्या तपासाआधी तिला घरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. रिकाम्या बॅटरीवर घेतलेले आकडे फसवतात.

तपास चौथा: मोटर चालू असतानाचा आकडा

सगळ्यात महत्त्वाचा तपास हा. मोटर पाण्यात, मीटर बॅटरीवर. आधी बंद मोटरचा आकडा लिहा. मग मोटर चालू करून हळू रेसवर, आणि मग अर्ध्या रेसवर दोन-तीन मिनिटं ठेवून लिहा.

अ) आकडा चढत १३.८ ते १४.५ च्या आसपास गेला: चार्जिंग ठीक आहे. तुमचा दोष हिशोबात, बॅटरीत किंवा रात्रीच्या गळतीत आहे.

आ) आकडा १२.५ वरून १३ झाला आणि हळूहळू चढतोच आहे: चार्जिंग आहे, बॅटरी जरा रिकामी आहे. लहान कॉइल तिला एकदम १४ वर नेऊ शकत नाही. आकडा चढतो की नाही हे पाहा, फक्त १४ शोधत बसू नका.

इ) रेस वाढवली तरी आकडा जागचा हलत नाही, किंवा उतरतो: चार्जिंग येत नाही. पाचवा, सहावा तपास करा.

ई) आकडा १५ च्या वर जातो: जास्त चार्जिंग होत आहे. बॅटरीचं पाणी वारंवार आटते, अंड्यासारखा सडका वास येतो, बल्ब लवकर उडतात. रेग्युलेटर गेला असेल, नाही तर मोटरला रेग्युलेटरच नसेल. जुन्या मोटरींत फक्त रेक्टिफायर असायचा. तशा मोटरवर लांब पल्ला मारला आणि बॅटरी आधीच भरलेली असली, तर आकडा वर जातोच. मोटरला जुळणारा रेग्युलेटर बसवून घ्या.

तपास पाचवा: पाईप कुठे चोंदला?

मोटर अर्ध्या रेसवर चालू ठेवा. मीटर डीसीवरच. लाल टोक रेक्टिफायरच्या बाहेर येणाऱ्या प्लस वायरवर, काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही प्लस आहेत म्हणून घाबरू नका. हे मीटर वाटेत किती व्होल्ट हरवतात ते सांगते. ०.३ च्या आत असेल तर वायर ठीक. मग असंच मायनस बाजूला: एक टोक मोटरच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.२ च्या आत हवं.

उदाहरण पाहा. रेक्टिफायरपाशी १४.४ मिळतात आणि बॅटरीवर १२.९. दीड व्होल्ट वाटेत गेले. कॉइलही चांगली, रेक्टिफायरही चांगला. दोष मधल्या फ्यूज होल्डरमध्ये, जोडात किंवा गंजलेल्या नटात. आता टोकं एकेक जोड पुढे सरकवत जा. ज्या जोडावर आकडा एकदम बदलला, तोच चोर. असा जोड नुसता पिळून टेप मारू नका. नवी थिंबळ दाबून, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नावेवर टेप पाणी अडवत नाही, उलट धरून ठेवते.

तपास सहावा: कॉइल आणि रेक्टिफायर

हे काम शक्यतो मिस्त्रीसोबत करा, पण तो काय करतो ते तुम्हाला समजलं पाहिजे. वायरांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून रंगावर विसंबू नका. मोटरच्या पुस्तकातला नकाशा पाहा.

कॉइल: मोटर बंद, कॉइलच्या दोन वायरा रेक्टिफायरपासून सोडा. मीटर ओहमवर ठेवा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून जो आकडा येतो तो वजा करायचा. चार्जिंग कॉइलचा रोध फार कमी असतो, बहुतेक वेळा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी. नेमका आकडा पुस्तकात असतो. मीटरने उघडं सर्किट दाखवलं तर कॉइल तुटली. मग एक टोक कॉइलच्या वायरवर आणि दुसरं मोटरच्या बॉडीवर लावा. बहुतेक मोटरींत इथे काहीच जोड दिसू नये. दिसला तर कॉइल बॉडीला लागली आहे. काही जुन्या मोटरींत कॉइलचं एक टोक मुद्दामच बॉडीला जोडलेलं असते, म्हणून आधी पुस्तक पाहा.

चालू मोटरवर कॉइल तपासायची तर मीटर एसीवर ठेवतात. रेस वाढली की एसी व्होल्टचा आकडा चढला पाहिजे. चढतो पण बॅटरीवर डीसी येत नाही, तर दोष रेक्टिफायरचा. आकडाच नाही, तर कॉइल किंवा तिचा जोड.

रेक्टिफायर: मोटर बंद, त्याच्या सगळ्या वायरा सोडा, मीटर डायोडच्या खुणेवर. फूट व्हॉल्व्ह जसा एकाच बाजूने पाणी सोडतो, तसा डायोड एकाच बाजूने वीज सोडतो. टोकं एका बाजूने लावली तर ०.४ ते ०.७ च्या दरम्यान आकडा, आणि उलटी लावली तर काहीच नाही. दोन्ही बाजूंनी आकडा आला तर डायोड जळून जुडला. दोन्ही बाजूंनी काहीच नाही तर तो तुटला. रेग्युलेटर एकत्र असलेली डबी मात्र या एका तपासाने पूर्ण कळत नाही. तिच्यासाठी पुस्तकातली आकड्यांची तक्ती लागते, नाही तर चांगली डबी लावून पाहावी लागते.

तपास सातवा: रात्रीची गळती

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, हिशोब ठीक, तरी दोन दिवस नाव उभी राहिली की बॅटरी बसते. म्हणजे टाक्याला कुठे तरी भोक आहे.

सोपा तपास असा. बॅटरी पूर्ण भरा, आकडा लिहा, मायनस वायर सोडून दोन रात्री ठेवा. मग परत भरून, वायर जोडून दोन रात्री ठेवा. सोडलेली असताना आकडा टिकला आणि जोडलेली असताना उतरला, तर गळती नावेच्या वायरिंगमध्ये आहे. बहुतेक वेळा मोबाईल चार्जरचं सॉकेट, रेडिओ, ओला झालेला स्विच किंवा पाणी उपसायच्या पंपाचा ऑटो स्विच निघतो. एकेक फ्यूज काढत गेलं की सापडतो. सोडून ठेवली तरीही बॅटरी उतरली, तर ती आतूनच गेली आहे.

यावर उत्तम इलाज म्हणजे मेन स्विच. पण तो फक्त मोटर बंद असतानाच फिरवायचा.

चार गोष्टी कधीच करू नका

१. मोटर चालू असताना बॅटरीची वायर काढू नका. "काढून पाहा, बंद पडली तर चार्जिंग नाही" ही जुनी पद्धत रेक्टिफायर-रेग्युलेटर जाळते. वीज निघत असते, तिला जायला टाकंच उरत नाही, मग व्होल्ट उसळतात.

२. वायरा उलट्या लावू नका. क्षणभर जरी लाल-काळी अदलाबदल झाली तरी डायोड जातात. ट्रॅक्टरची बॅटरी आणून घाईघाईत लावताना हे सर्वात जास्त होते. अंधारात तर बॅटरीवरची प्लस-मायनसची खूण टॉर्चने पाहूनच लावा. बॅटरीवर लाल रंगाचा ठळक पट्टा ओढून ठेवा.

३. पुस्तकात परवानगी नसेल तर साध्या मोटरवर लिथियम बॅटरी लावू नका. तिची भरायची रीत वेगळी असते.

४. मोटर सुरू होत नाही म्हणून सेल्फ दाबून धरू नका. पाच-सात सेकंद मारा, अर्धा-एक मिनिट थांबा. नाही तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातात.

बंद हंगाम हाच बॅटरीचा खरा शत्रू

आपल्याकडे दोन महिने, कोकणात १ जून ते ३१ जुलै, नाव काठावर असते. त्या काळात अर्धवट रिकामी बॅटरी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर गंधकाचा कडक थर धरतो. तो थर मग चार्जरनेही सुटत नाही. बॅटरी वापराने जितकी मरत नाही तितकी पडून मरते. ऑगस्टमध्ये एवढ्या तक्रारी येतात त्याचं मोठं कारण हेच.

म्हणून शेवटच्या फेरीनंतर बॅटरी घरी आणा. वरून धुऊन कोरडी करा. पूर्ण भरा. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा हवेशीर, सावलीच्या जागी फळीवर ठेवा. महिन्यातून एकदा आकडा पाहा, १२.४ वर आला की परत भरा. दोन महिन्यांत दोनदा चार्जर लावायचा, एवढंच काम. चुलीजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ बॅटरी ठेवू नका.

वहीत काय लिहायचं

बॅटरी घेतल्याची तारीख. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स, मूळ कागद पेटीत. महिन्यातून एकदा तीन आकडे: निवांत, सेल्फ मारताना, अर्ध्या रेसवर. पाणी कधी टाकलं. बस.

या तीन आकड्यांनी दोन फायदे होतात. एक, आकडा घसरायला लागला की बॅटरी बसायच्या आधीच तुम्हाला कळते. दुसरा, मिस्त्रीकडे किंवा दुकानदाराकडे जाताना तुम्ही "चालत नाही हो" असं म्हणत नाही. "निवांत १२.६, सेल्फला १०.४, अर्ध्या रेसवर १२.५, रेक्टिफायरपाशीही तेच" असं सांगता. समोरच्याला मग कॉइल-रेक्टिफायर सोडून बॅटरी विकता येत नाही.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी दोन-तीन नावांनी मिळून एक घ्या. बॅटरीच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ आहे, आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

आणि शेवटचं. चार्जिंग कितीही चांगलं असलं तरी नावेत वल्ही, लाइफ जॅकेट, सुट्या सेलचा टॉर्च, दोन सुटे फ्यूज आणि सेल्फवाली मोटर असेल तर तिची दोरी, एवढं असल्याशिवाय काठ सोडू नका. निघताना कुठल्या बाजूला जाळं टाकणार आणि किती वाजता परतणार, ते घरी सांगून जा.

आपल्या मोटरचे तीन आकडे खाली लिहा. ज्यांचा आकडा समजत नसेल त्यांनी मोटरची कंपनी, हॉर्सपॉवर आणि बॅटरीचे अँपियर-तासही लिहा. आम्ही मिळून पाहू. हा धडा आपल्या नावेवरच्या जोडीदाराला जरूर पाठवा.

आपले,
सचिव व संचालक मंडळ